जीबीएस झालंय म्हणजे नेमकं काय? मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला हा आजार झाला तेव्हा आमच्या घरात कुणालाच त्याचं नाव धड उच्चारता येत नव्हतं. गाव जिंतूर तालुक्यातलं, दिवस पोळ्याचे. आज तो पुन्हा शेतात उभा आहे. तेव्हापासून परभणी, हिंगोली, जालना, बीड इकडून ओळखीपाळखीने फोन येतात. माणसं वेगळी असतात, प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. उपचार काय द्यायचे हे मेंदूविकारतज्ज्ञच ठरवतील. पण ते काय करताहेत आणि का करताहेत हे घरच्यांना कळलं, तर चुकीच्या दिशेने पळण्यात जाणारे दिवस वाचतात.

हा आजार आहे तरी काय?

पूर्ण नाव गिलाँ-बारे सिंड्रोम. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, गिलाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी लुळ्या पडलेल्या दोन सैनिकांची नोंद केली. पुढे स्ट्रोल यांचं नाव गळून पडलं आणि दोघांचंच राहिलं. आपल्याकडे सगळे जीबीएस म्हणतात.

मेंदू आणि मणक्यातून हातापायांकडे जाणाऱ्या नसांवर शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती हल्ला करते, तिथे सूज येते आणि नसा काम करेनाशा होतात. मोटारीच्या वायरीवर प्लास्टिकचं आवरण असतं, तसं नसेवर मायलीन नावाचं आवरण असतं. बऱ्याच रुग्णांत हे आवरण सोललं जातं आणि मेंदूने दिलेला निरोप वाटेत अडकतो. काहींच्या बाबतीत आतल्या तारेलाच इजा होते. आवरणाचं नुकसान तुलनेने लवकर भरून येतं. तार तुटली असेल तर वेळ जास्त लागतो. म्हणूनच एकाच वॉर्डातले दोन रुग्ण सारखे बरे होत नाहीत, आणि शेजारच्या खाटेशी तुलना करून रडण्यात अर्थ नसतो.

मेंदूला मात्र काही होत नाही. माणूस पूर्ण शुद्धीत असतो, त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवात कशी होते?

बहुतेकांना आधी एक ते सहा आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-खोकला-ताप होऊन गेलेला असतो. माझ्या भावाला पोळ्याच्या दहा-बारा दिवस आधी चांगलेच जुलाब झाले होते, बरेही झाले. पोळ्याच्या सकाळी तो म्हणाला, "ताई, तळपायाला मुंग्या येऊ लागल्यात." बैल धुवायला नेताना ओढ्याच्या चढावर पाय लटपटले. संध्याकाळी मिरवणुकीत बैलाचा कासरा त्याच्या हातात ठरंना. दुसऱ्या दिवशी खाली बसला तर उठता येईना.

हीच या आजाराची नेहमीची चाल. मुंग्या किंवा बधिरपणा, दोन्ही पाय जड, मग जिना चढताना किंवा उकिडवं बसून उठताना त्रास, आणि अशक्तपणा पायांकडून वर हातांकडे सरकत जातो. दोन्ही बाजूंना साधारण सारखाच असतो. कित्येकांची पाठ आणि मांड्या भयंकर दुखतात, आणि अशक्तपणाच्या आधी दुखणंच सुरू झालं असेल तर घरचे 'कंबर भरली' म्हणून शेकत बसतात. तोंडाच्या स्नायूंवर परिणाम झाला की डोळे नीट मिटत नाहीत, चूळ भरताना पाणी ओघळतं.

एक प्रकार मात्र डोळ्यांपासून सुरू होतो. एकाचे दोन दिसतात, चालताना झोक जातो. त्याला मिलर फिशर म्हणतात.

अशक्तपणा वाढत जाण्याचा काळ बहुतेकांत दोन आठवड्यांचा, आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांचा असतो. पुढे तो थांबतो, काही काळ तसाच राहतो आणि मग उतरणीला लागतो.

लकवा आणि हे एकच का?

नाही. आपण ज्याला लकवा किंवा 'वारं गेलं' म्हणतो तो बहुधा मेंदूतल्या रक्तवाहिनीचा झटका असतो. तो अचानक येतो आणि एका अंगाला येतो, उजवा हात आणि उजवा पाय असा. जीबीएस दिवसागणिक वाढतो आणि दोन्ही बाजूंना असतो. दोन्हीत दवाखाना तातडीचा. कबुतराचं रक्त चोळायला किंवा लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्या गावी न्यायला वेळ नाही. ते करणाऱ्यांच्या मायेवर मला शंका नाही, आमची मायसुद्धा त्याच वाटेला निघाली होती. पण त्या वेळात श्वास जाऊ शकतो.

फवारणी केली होती, किंवा रात्री जमिनीवर झोपला होता. विषबाधा किंवा सापाचा दंश असू शकतो का?

असू शकतो, आणि आपल्या भागात हा प्रश्न आधीच विचारायला हवा. भावाने त्याच आठवड्यात सोयाबीनवर फवारणी केली होती. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांनी त्याच्या बाहुल्या बघितल्या, लाळ आणि घाम विचारला. फवारणीच्या बऱ्याच कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुल्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो. शिवाय विषबाधेनंतर एक ते चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात. म्हणून 'फवारणीनंतर बरा होता' असं सांगून गप्प बसू नका, औषधाची बाटली सोबत न्या.

मण्यार रात्री झोपेत चावते. तिचे दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं आणि गिळणं अवघड होतं आणि हे सगळं काही तासांत घडतं. म्हणजे साधारणपणे मण्यारीत अशक्तपणा वरून खाली आणि तासांत येतो, तर जीबीएसमध्ये खालून वर आणि दिवसांत. मण्यारीवर प्रतिविष असतं, तेव्हा शंका असली तरी सांगा. निवाडा डॉक्टर करतील.

कधी एक मिनिटही थांबायचं नाही?

या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

पाय गेले की सगळं घर पायांकडे बघत बसतं. जीव मात्र श्वासाने जातो. जीबीएसच्या साधारण चारातल्या एका रुग्णाला कधी ना कधी व्हेंटिलेटर लागतो. श्वासाचे स्नायू थकत जातात आणि माणूस गुदमरतोय असं दिसतही नाही, कारण धापा टाकण्याचंही बळ नसतं.

घरी बघता येईल अशी एक गोष्ट सांगते. रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावा आणि एका दमात, सेकंदाला साधारण दोन या वेगाने, एक-दोन-तीन असं मोजायला सांगा. धडधाकट माणूस तीस-चाळीसच्या पुढे सहज जातो. विशीच्या आत थांबत असेल, किंवा सकाळी पस्तीस मोजले आणि दुपारी बावीसवर अडकला, तर ताबडतोब अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय म्हणून निश्चिंत राहू नका. या आजारात तो आकडा खूप उशिरा पडतो.

उशीवरून मान उचलता न येणं, खोकला दुबळा होणं, पाणी पिताना ठसका लागणं, आवाज नाकातून येणं, आडवं झालं की घुसमटणं, या खुणाही तितक्याच गंभीर. आडवं पाडून जीपमधून न्यायच्या ऐवजी १०८ बोलवा आणि फोनवरच सांगा की श्वासाचा त्रास आहे.

आमचे दोन दिवस गेले. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात ताकदीचं सलाईन आणि बी-१२ची इंजेक्शनं देऊन घरी पाठवलं होतं. बी-१२च्या कमतरतेनेही मुंग्या येतात हे खरं, आपल्याकडे माळकरी घरांत ती कमतरता पुष्कळ दिसते. पण ती महिनोन्महिने हळूहळू वाढते. परवा चालणारा माणूस आज उठू शकत नाही, हे बी-१२चं काम नव्हे.

कुठं न्यायचं?

जिथे मेंदूविकारतज्ज्ञ किंवा निष्णात फिजिशियन, चालू व्हेंटिलेटर आणि रात्री जागा असलेला अतिदक्षता विभाग आहे तिथे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, अंबाजोगाईचं स्वाराती आणि लातूरचं विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. निघण्याआधी पाठवणाऱ्या डॉक्टरांना तिकडे फोन करायला लावा आणि खाट, व्हेंटिलेटर आहे का ते विचारा. रात्री तीन दारं फिरण्यापेक्षा तो एक फोन मोलाचा.

तपासण्या कोणत्या? मणक्यातलं पाणी काढल्याने माणूस अधू होतो म्हणतात.

होत नाही. पाठीचा कणा दिसतो तितका खाली आतला मज्जारज्जू जात नाही. तो जिथे संपतो त्याच्याही खाली सुई घालतात. नंतर काहींचं डोकं दुखतं, ते जातं. या पाण्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र जवळपास नेहमीइतक्याच, ही जीबीएसची खूण. गिलाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१६ साली तीच टिपली होती. पहिल्या आठवड्यात प्रथिनं वाढलेली नसूही शकतात, म्हणून तपासणी नॉर्मल आली तरी डॉक्टर उपचार सुरू करतात.

दुसरी तपासणी नसांची, तिच्यात विजेचे बारीक झटके देऊन निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. आणि सगळ्यात साधी म्हणजे गुडघ्यावरची हातोडी. या आजारात बहुतेकांचा पाय उडत नाही. रक्तातलं पोटॅशियमही बघतात, कारण ते फार कमी झालं तरी माणूस असाच लुळा पडतो आणि त्याचा इलाज अगदी वेगळा.

मुलाला झालंय आणि आरोग्य खात्याची माणसं शौचाचे नमुने मागताहेत. पोलिओ आहे का?

घाबरू नका. भारतातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११चा, आणि मार्च २०१४मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तरी १५ वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक लुळेपणा आला की त्याची नोंद करून २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने तपासायचे, हा नियम अजून पाळला जातो आणि तो पाळायलाच हवा. अशा मुलांत जीबीएस हे एक नेहमीचं कारण निघतं. नमुने द्या.

उपचार काय आहेत?

दोन आहेत, आणि परिणामाला दोन्ही सारखेच.

पहिला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजी. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या द्रव भागातून, वेगळी काढलेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) शिरेतून देतात. नेहमीचा डोस दर किलो वजनाला रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज २४ ग्रॅम, एकूण १२० ग्रॅम. बाटली ५ ग्रॅमची असेल तर २४ बाटल्या. हा हिशेब मुद्दाम सांगते, कारण औषधाच्या दुकानात चिठ्ठी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला तो कुणी समजावत नाही. खर्च लाखांत जातो.

दुसरा प्लाझ्मा बदलणं. रक्तातला द्रव भाग यंत्रातून काढून त्यातली हल्ला करणारी प्रतिपिंडं बाहेर टाकतात, एक-दोन आठवड्यांत चार ते सहा वेळा. बऱ्याचदा हा स्वस्त पडतो. पण त्यासाठी यंत्र, सरावलेली माणसं आणि मोठ्या शिरेत नळी लागते.

दोन्ही लवकर सुरू केले तर फायदा, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत. दोन्ही एकामागून एक दिल्याने दुप्पट गुण येत नाही. आधी आयव्हीआयजी देऊन मग प्लाझ्मा काढला तर दिलेलं औषधच वाहून जातं.

पाच दिवस झाले, बोटही हललं नाही. औषध लागू पडलं नाही का?

हा फोन मला सगळ्यात जास्त येतो, बहुधा रात्री. औषध जळणाऱ्या घरावर पाणी मारतं, घर बांधून देत नाही. हल्ला थांबतो, पण झालेली इजा भरून यायला आठवडे आणि महिने लागतात. काहींचा अशक्तपणा औषध चालू असतानाही वाढतो.

'अजून एक कोर्स द्या, आम्ही जमीन विकतो' असं म्हणू नका. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गंभीर रुग्णांना लगेच दुसरा कोर्स दिल्याने फायदा दिसला नाही, उलट रक्ताच्या गुठळ्यांसारखे गंभीर त्रास वाढले. सुधारून पुन्हा घसरलेल्या रुग्णाची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर औषध पुन्हा देतात.

स्टिरॉइड का देत नाहीत?

कारण जीबीएसमध्ये त्याचा उपयोग होत नाही, हे चाचण्यांतून कळलं आहे. याच आजाराचा एक जुनाट भाऊबंद आहे, सीआयडीपी. त्यात अशक्तपणा आठ आठवड्यांहून जास्त काळ वाढत राहतो किंवा परत परत येतो, आणि तिथे स्टिरॉइडने बऱ्याच जणांना गुण येतो. सुरुवातीला जीबीएस वाटलेला रुग्ण पुढे सीआयडीपीचा निघतो, असं थोड्यांच्या बाबतीत घडतं. म्हणून दोन महिन्यांनंतरही घसरण चालू असेल किंवा तिसऱ्यांदा बिघडलं असेल, तर 'जीबीएसच आहे, होईल बरं' म्हणून थांबू नका. तज्ज्ञांना पुन्हा दाखवा.

अतिदक्षता विभागात घरच्यांनी काय करायचं?

पुष्कळ करता येतं. भाऊ अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. तोंडात नळी, चेहरा हलत नव्हता, डोळे अर्धवट. एक नातेवाईक खाटेपाशी उभं राहून म्हणाले, "आता हे काय उठत नाही." भावाने तो शब्द न् शब्द ऐकला होता, घरी आल्यावर त्याने मला सांगितला. खाटेजवळ असं बोलू नका, बोलणाऱ्याला बाहेर न्या.

त्याच्याशी बोला. आज वार कोणता, पाऊस पडला का, कापसाला बोंडं आली का, असलं साधं बोलणं. 'हो'साठी एकदा पापणी, 'नाही'साठी दोनदा, असं ठरवून घ्या. पापणीही हलत नसेल तर नजर वर-खाली. आम्ही एका पुठ्ठ्यावर 'दुखतंय', 'कूस बदला', 'थुंकी काढा', 'भीती वाटते' असं मोठ्या अक्षरात लिहून एकेका शब्दावर बोट ठेवत जायचो. पहिल्याच दिवशी तो चौथ्या शब्दावर थांबला.

दर दोन तासांनी कूस बदलली जाते का, न मिटणाऱ्या डोळ्यांत थेंब पडतात का, पाय टाचेशी काटकोनात ठेवले आहेत का, हे नम्रपणे विचारत राहा. पायांत गुठळी होऊ नये म्हणून पोटावर टोचतात ते इंजेक्शनही विचारा. रक्तदाब आणि नाडी अचानक वर-खाली होणं हा या आजाराचाच भाग आहे, म्हणून मॉनिटर काढत नाहीत. गळ्याला छिद्र पाडायचं म्हटलं तर हबकून जाऊ नका. व्हेंटिलेटर लांबणार असेल तर तेच सोयीचं पडतं, आणि काम झालं की छिद्र बुजतं.

पैशाचं कसं?

दाखल केल्या दिवशीच आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या कामासाठी रुग्णालयात बसणाऱ्या माणसाला, गाठा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत जीबीएसचा उपचार आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय योजनेत असायला हवं आणि मंजुरी उपचाराआधी घ्यायला हवी. रेशन कार्ड आणि आधार घेऊनच निघा. मंजूर रकमेत आयव्हीआयजीच्या किती बाटल्या बसतात, वरचं काय, हे स्पष्ट विचारा. हेल्पलाइन १५५३८८. खर्चाचं अंदाजपत्रक घेऊन मुख्यमंत्री सहायता निधीलाही अर्ज करता येतो. सावकाराकडे जाण्याआधी हे दोन्ही करा.

हा संसर्गजन्य आहे का? पुण्यात साथ आली होती ना, तीही नांदेडात?

जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाच्या ताटात जेवा, त्याला मिठी मारा. पण त्याच्या आधी झालेला जुलाबाचा संसर्ग दूषित पाण्याने एकाच वेळी अनेकांना होऊ शकतो आणि त्यातल्या मोजक्यांना पुढे जीबीएस होतो. जानेवारी २०२५मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात हेच झालं, दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्या बातम्यांत आलेलं नांदेड म्हणजे सिंहगडाजवळचं नांदेड गाव, गोदावरीकाठचं आपलं नांदेड नव्हे.

मुख्य संशयित जंतू कॅम्पिलोबॅक्टर. त्याच्या अंगावरची काही रेणूंची रचना आपल्या नसांवरच्या रचनेसारखी असते. जंतूला मारायला निघालेली प्रतिपिंडं त्यामुळे नसांवर तुटून पडतात. हजारो जुलाबांमागे एखाद्याच्याच बाबतीत असं होतं. एरवी वर्षाला लाखात एक-दोघांनाच हा आजार होतो. तेव्हा प्रत्येक जुलाबाला धसका घेऊ नका, पाणी मात्र सांभाळा. टँकरचं, विहिरीचं, पहिल्या पावसानंतरचं पाणी उकळून प्या. गढूळ नसेल तर मेडिक्लोर चालतं. जारचं पाणी थंड असतं म्हणून शुद्ध असेलच असं नाही. दूध तापवून घ्या. कोंबडी पूर्ण शिजवा, आणि ती चिरलेल्या पाटावर न धुता कांदा-काकडी चिरू नका.

पुन्हा चालेल का?

बहुतेक चालतात. सहा महिन्यांत दहातले आठ जण आधाराशिवाय चालू लागतात. काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात, काहींच्या पावलात किंवा बोटांत कमजोरी राहते. आणि चांगल्या रुग्णालयातही शंभरातले पाचेक दगावतात, हे लपवणं बरोबर नाही. तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजून पाहा, म्हणजे पाऊल सगळ्यात शेवटी का येतं ते कळेल.

फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून हवी. आधी दुसऱ्याने सांधे हलवून द्यायचे, मग बसणं, मग उभं राहणं. दुसऱ्या दिवशी जास्त थकवा आला तर आदला व्यायाम जास्त झाला असं समजा. जोर काढून व्यायाम करायला लावू नका. घरी उकिडवं बसायच्या संडासावर खुर्ची-कमोड ठेवा, खाट उंच करा, पाऊल लोंबत असेल तर स्प्लिंट लावा.

वर्ष झालं, चालतो, पण दुपारपर्यंत गळून जातो. घरचे म्हणतात आळस आहे.

आळस नाही. जीबीएसनंतरचा थकवा ताकद परत आल्यावरही वर्षानुवर्षं राहू शकतो. भाऊ आता सकाळी नऊपर्यंत शेतातलं काम उरकतो, दुपारी पडून राहतो, मग चारला परत जातो. ऊसतोडीसारख्या सलग कामाला पहिल्या हंगामात पाठवू नका, मुकादमाची उचल घेतलेली असेल तर आधीच बोलून घ्या. बाईमाणसाला तर अंथरुणातून उठली की चुलीपुढे बसवतात. भाकरी थापायला मनगटाची आणि बोटांची जी ताकद लागते ती पायांच्या कितीतरी नंतर येते, तोवर पीठ दुसऱ्या कुणीतरी मळावं. झोप लागत नसेल, रडू येत असेल, व्हेंटिलेटरची स्वप्नं पडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत.

पुन्हा होईल का? लस घ्यावी का?

पुन्हा होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच. पायांत पुन्हा मुंग्या आल्या तर दोन दिवस वाट न बघता दाखवा, आणि जुना डिस्चार्ज कागद सोबत ठेवा. लसींबद्दलची भीती १९७६च्या अमेरिकेतल्या स्वाइन फ्लू लसीपासून चालत आली आहे. तेव्हा लाखामागे साधारण एक जास्तीचा रुग्ण दिसला होता. बहुतेकांना नेहमीच्या लसी घेता येतात. एखाद्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आतच जीबीएस झाला असेल, तर ती लस पुन्हा घेण्याआधी आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा.